राजाचा पाहुणा ते डॉलरचा प्रवासी: भूतानमधील सहलीचा इतिहास

परदेशी माणसाने भूतानमध्ये परवानगीशिवाय यायचे नाही आणि आल्यावर वाटाड्याशिवाय फिरायचे नाही, हा दंडक पर्यटनाचा धंदा सुरू होण्याच्या दोनशे वर्षे आधीपासून पाळला जात होता. १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जने जॉर्ज बोगल या तरुण अधिकाऱ्याला तिबेटकडे पाठवले. कूचबिहारहून बक्सा द्वारामार्गे तो थिंफूला पोहोचला आणि पुढे जाण्याची परवानगी येईपर्यंत त्याला तिथेच काही महिने काढावे लागले. राहायची जागा, खाण्यापिण्याची सोय आणि सोबतची माणसे राज्यकर्त्यांनी दिली होती. कुठे जायचे आणि कधी निघायचे हेही त्यांनीच ठरवले. मुक्कामामुक्कामाला बटाटे लावत जावे असा हेस्टिंग्जचा त्याला हुकूम होता, आणि त्याने तो पाळलाही. १७८३ मध्ये सॅम्युअल टर्नर आला, त्याच्याबरोबर सॅम्युअल डेव्हिस हा चित्रे काढणारा सर्वेक्षक होता. डेव्हिसला तिबेटात प्रवेश मिळाला नाही, त्यामुळे त्याचा मुक्काम भूतानमध्येच झाला आणि त्याने त्या डोंगराळ मुलखाची जलरंगातली चित्रे मागे ठेवली.

या पाहुणचाराची किंमत गावकरी मोजत. सरकारी सामान आणि सरकारी पाहुण्यांचे ओझे पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचवणे ही प्रत्येक घराची सक्तीची वेठ होती. त्यामुळे प्रवासी मोजके असणे राज्यकर्त्यांइतकेच रयतेच्याही सोयीचे होते. जुन्या भूतानच्या एकांताची वर्णने करणाऱ्या पाश्चात्त्य लेखकांच्या नजरेतून ही बाजू बहुधा निसटलेली दिसते.

न बोलावलेल्या पाहुण्याचे काय होते, हे १८६४ मध्ये ब्रिटिश दूत ॲशली ईडनने पुनाखाला अनुभवले. तिथे त्याच्या तोंडाला ओली कणीक फासण्यात आली आणि त्याच्याकडून बळजबरीने करारावर सही घेण्यात आली. त्यातून द्वार युद्ध पेटले आणि १८६५ च्या सिंचुला तहाने भूतानने बंगालकडची द्वारे, म्हणजे पायथ्याचा सुपीक पट्टा, गमावली. १९०७ मध्ये उग्येन वांगचुक पहिले वंशपरंपरागत राजे झाले. पुढची पन्नास वर्षे देशात येणारे परदेशी जवळजवळ सगळे राजकीय अधिकारी, त्यांचे सोबती किंवा राजाने स्वतः निमंत्रण दिलेले मित्र होते. १९३७ मध्ये चोमोल्हारी या ७,३०० मीटरहून उंच शिखरावर स्पेन्सर चॅपमन आणि पासांग दावा पोहोचले, तेही परवानगी मिळाल्यावरच.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू सप्टेंबर १९५८ मध्ये भूतानला गेले, तेव्हा मैदानातून वर चढणारा गाडीरस्ता नव्हता. गंगटोकहून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, तट्टांवर बसून ते पारोला पोहोचले. पारोच्या भाषणात त्यांनी भूतानच्या स्वातंत्र्याची ग्वाही दिली. पुढच्याच वर्षी तिबेटात उठाव झाला आणि हा जुना मार्ग बंद पडला. मग भूतानने दक्षिणेकडे तोंड वळवले. १९६१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि भारताच्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने फुंटशोलिंग ते थिंफू रस्ता खणायला घेतला. ज्या चढाला सुमारे सहा दिवस लागत, तो एका दिवसात संपू लागला. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी वेठीचा भारही कमी केला. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. आता देश जगाच्या नकाशावर दिसत होता, पण प्रवाशासाठी तिथे हॉटेल म्हणावे असे काही नव्हते.

हॉटेले आली ती राज्याभिषेकामुळे. जून १९७४ मध्ये चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला आणि त्याला देशोदेशीचे प्रतिनिधी आणि पत्रकार बोलावण्यात आले. त्यांच्यासाठी पारोला ओलाथांग, थिंफूला मोतीथांग आणि सीमेवर खारबंदी ही अतिथिगृहे उभी राहिली आणि मोटारी जमवण्यात आल्या. स्वयंपाकी आणि वाढपी शिकवून तयार करण्यात आले. सोहळा संपल्यावर हे सगळे रिकामे पडणार होते. त्याचा उपयोग करून परकीय चलन मिळवावे, असा व्यवहारी विचार सरकारने केला. भूतानच्या पर्यटनाला पुढे बरेच तात्त्विक मुलामे चढले, पण त्याची सुरुवात या हिशेबातून झाली, हे विसरता कामा नये.

पैसे मोजून आलेला पहिला गट त्याच वर्षी आला. तो लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन प्रवास आयोजकाने आणला होता. १९६६ मध्ये हाच लिंडब्लाड प्रवाशांना अंटार्क्टिकाला घेऊन गेला होता. प्रवासी थोडे ठेवा आणि त्यांच्याकडून भरपूर पैसे घ्या, हा सल्ला त्याने दिला. सरकारला तो पटण्याचे कारण डोळ्यांसमोर होते. शेजारच्या काठमांडूत त्या काळात युरोपातून जमिनीच्या मार्गाने आलेले हिप्पी अल्प पैशांत महिनोन्‌महिने राहत होते. भूतानने मुक्कामाच्या दर दिवसाला सुमारे १३० डॉलर दर बांधला. राहणे, जेवण, मोटार आणि वाटाड्या सगळे त्यातच. एकट्यादुकट्याला प्रवेश नव्हता. गटानेच यावे लागे, कार्यक्रम आधी मंजूर करून घ्यावा लागे आणि पैसेही आधीच भरावे लागत. पहिल्या वर्षी २८७ पर्यटक आले.

त्या काळची सहल पुढच्या दोन दशकांतल्या सहलीसारखी नव्हती. प्रवासी बागडोगरा विमानतळावर उतरत आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांतून फुंटशोलिंगला येत. हा टापू संवेदनशील मानला जाई, त्यामुळे भारत सरकारचाही परवाना लागे. पारो आणि थिंफूची खोरी पाहून झाली की बहुतेक जण परत फिरत. बुमथांगसारखी मधली खोरी पुढे हळूहळू खुली झाली. १९८३ मध्ये द्रुक एअरचे अठरा आसनांचे डॉर्नियर विमान पारो आणि कोलकात्यादरम्यान उडू लागले. पारोची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर, डोंगरांच्या कुशीत आहे. विमान डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर, दिवसाउजेडी, दरीतून वळणे घेत उतरवावे लागते. १९८८ मध्ये जेट विमान आले आणि श्रीमंत प्रवाशाचा दोन दिवसांचा रस्ता वाचला.

सरकारला डॉलर हवे होते, कारण त्याचे बाकीचे उत्पन्न भारतीय रुपयांत होते. १९८० च्या दशकात चुखाचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला आणि त्याची वीज भारताला विकली जाऊ लागली. त्या विजेचा पैसा रुपयांत येई. विमान, यंत्रे, औषधे परदेशातून आणायची तर हाताशी डॉलर असावे लागतात. अत्यल्प पर्यटकांकडून ते मिळत होते. या गणिताला मठांच्या तक्रारींनी शह दिला. कॅमेरे घेऊन गाभाऱ्यापर्यंत शिरणारे परदेशी पूजेत आणि शिकवणीत व्यत्यय आणतात, असे भिक्षुसंघाचे म्हणणे होते. १९८८ मध्ये अनेक मंदिरांचे आणि मठांचे दरवाजे पर्यटकांना बंद झाले. मुखवट्यांच्या नृत्याचा त्सेचू उत्सव मात्र अंगणात असतो, म्हणून तो पाहता येत राहिला आणि सहलींचे वेळापत्रक उत्सवांभोवतीच बेतले जाऊ लागले. वसंतात पारोचा त्सेचू आणि शरदात थिंफूचा, या काळात खोल्या मिळेनात. उरलेल्या महिन्यांत हॉटेले ओस पडत.

शिखरांच्या बाबतीतही वळण बदलले. १९८० च्या दशकात गिर्यारोहणाला परवानगी मिळाली होती आणि ७,५७० मीटर उंचीच्या गांगखार पुएनसुमवर मोहिमा गेल्या, पण कुणालाही यश आले नाही. पर्वत हे देवतांचे निवास आहेत, अशी स्थानिक श्रद्धा आहे. १९९४ मध्ये ६,००० मीटरवरची शिखरे चढण्यास मनाई झाली आणि २००३ मध्ये गिर्यारोहणच बंद झाले. खिंडी ओलांडणाऱ्या पायी भ्रमंतीला मात्र आडकाठी नव्हती. लुनाना भागातून जाणारी स्नोमॅन पायवाट ही त्यांतली सर्वांत कठीण मानली जाते. या भ्रमंतीत जुन्या पाहुणचाराची छाप राहिली. तंबू, स्वयंपाकी, वाटाड्या आणि तट्टे सारे सोबत असते. फरक एवढाच की ओझ्यासाठी आता गावाला वेठीला धरत नाहीत, तट्टेवाल्याला भाडे मिळते.

१९९१ हे खासगी सहलींच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष. तोवर सारे पर्यटन सरकारी महामंडळाच्या हातात होते. त्या वर्षी हा व्यवसाय खासगी कंपन्यांसाठी खुला झाला आणि आरंभी थोडक्यांना, पुढे शेकडोंना परवाने मिळाले. किंमत मात्र सरकारच ठरवत राहिले. दरदिवशीच्या किमान दरात सर्व खर्च धरलेला असे आणि त्यातला ठरावीक भाग सरकारी हिस्सा म्हणून आरोग्य आणि शिक्षणाकडे जाई. पुढे हा हिस्सा ६५ डॉलर होता. प्रवाशाचे पैसे आधी येत आणि मगच व्हिसा मंजूर होई.

सगळ्यांची किंमत सारखी म्हटल्यावर कंपन्यांनी एकमेकींशी स्पर्धा कशी करावी? काहींनी सचोटीने मार्ग काढला. पक्षिनिरीक्षकासाठी वेगळा कार्यक्रम, विणकाम पाहायला आलेल्यांसाठी वेगळा, एखाद्या कुटुंबाला सोबत एकच वाटाड्या आणि एकच चालक. गटांची जुनी सक्ती सैल झाली होती. तीन किंवा अधिक माणसांच्या गटाला मूळ दर, दोघांना दररोज प्रत्येकी ३० डॉलर जादा आणि एकट्याला ४० डॉलर जादा, अशी रीत पडली. म्हणजे स्वतःपुरती आखून घेतलेली खासगी सहल जगातल्या इतर देशांत चैन म्हणून विकली जात असताना, भूतानमध्ये ती दरपत्रकातली एक सरळ ओळ होती. काहींनी दुसरा मार्ग धरला. परदेशी प्रतिनिधीला ठरलेल्या दरातला काही भाग गुपचूप परत करायचा आणि हॉटेल-जेवणाचा दर्जा खाली आणून ते भरून काढायचे. किमान दर ही सर्वांत स्वस्त सेवेची किंमत झाली, अशी टीका त्यामुळे होऊ लागली आणि ती अनाठायी नव्हती.

२००४ मध्ये आमानकोरा आणि उमा पारो ही आलिशान हॉटेले आली. त्यांचे दर किमान दराच्या कितीतरी पुढे होते. २०१२ मध्ये किमान दर हंगामात २५० आणि इतर महिन्यांत २०० डॉलर झाला. दर्जाची कमाल बदलली, पण तळ तसाच राहिला.

या साऱ्या व्यवस्थेतून भारतीय, बांगलादेशी आणि मालदीवचे प्रवासी वगळलेले होते. भारतीयांना फुंटशोलिंगला ओळखपत्रावर परवाना मिळे आणि त्यांना दरदिवशीचे शुल्क लागत नसे. रुपया तिथे चालतोच, कारण भूतानच्या न्गुलट्रम या चलनाची किंमत रुपयाइतकीच ठेवलेली आहे. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनी भूतान आपल्या यादीत घेतला आणि बागडोगरा-फुंटशोलिंग-थिंफू-पारो हा मराठी पर्यटकांच्या सवयीचा मार्ग बनला. अनेक जण आपली मोटार किंवा मोटरसायकल घेऊन स्वतःच निघू लागले. २०१९ मध्ये भूतानला सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक गेले, त्यांतले सुमारे २ लाख ३० हजार भारतीय होते. डॉलर भरणारे एकूण पाहुणे पाऊण लाखाच्या आसपास. ‘मोजके पर्यटक, मोठी किंमत’ ही घोषणा त्या आकड्यांपुढे टिकत नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोचुला खिंडीतल्या स्मारक चोर्तेनवर (स्तूपावर) एका मराठी मोटरसायकलस्वाराने चढून काढलेल्या छायाचित्राने देशभर संताप उसळला. खिंडीतले १०८ चोर्तेन बंडखोरांविरुद्धच्या २००३ च्या लष्करी कारवाईत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधले आहेत. वाटाड्याशिवाय फिरणाऱ्या पर्यटकाला रोखायचे कुणी, हा प्रश्न मग चव्हाट्यावर आला.

२०२० च्या जुलैपासून शेजारी देशांच्या पर्यटकांना दर रात्रीमागे १,२०० न्गुलट्रमचे ‘शाश्वत विकास शुल्क’ लागणार होते. त्याआधीच मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दारे बंद झाली. ती २३ सप्टेंबर २०२२ ला उघडली तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षांची चौकट उलटलेली होती. किमान दराची पद्धत आणि एकट्या-दुकट्यांवरचा जादा आकार रद्द झाला होता. हॉटेल, मोटार, जेवण आणि वाटाड्या यांचे पैसे पाहुण्याने स्वतंत्रपणे ठरवायचे आणि सरकारला सरळ २०० डॉलर रोजचे शुल्क द्यायचे. देशाबाहेरून येणाऱ्यांची संख्या फार हळू वाढली, छोट्या कंपन्या आणि गाइड कासावीस झाले. त्या सुमारास जुनी पायवाट दुरुस्त करून खुली करण्यात आली: ‘हा’ खोऱ्यापासून त्राशिगांगपर्यंत अशी सुमारे ४०० किलोमीटरची ‘ट्रान्स भूतान ट्रेल’, जिच्यावरून एकेकाळी राजाचे जासूद पत्रे नेत.

२०२३ च्या सप्टेंबरपासून २०० डॉलरचे रोजचे शुल्क निम्मे होऊन १०० डॉलर झाले आणि ही सवलत ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत जाहीर करण्यात आली. भारतीय प्रवाशाला दर रात्रीचे १,२०० रुपये द्यावे लागतात.