रिमेन म्हणजे काय? मराठी अर्थ आणि वापर

‘रिमेन’ हे इंग्रजी क्रियापद आहे. राहणे, उरणे, शिल्लक असणे, आहे त्याच स्थितीत कायम राहणे हे त्याचे मराठी अर्थ. भूतकाळी रूप ‘रिमेन्ड’.

वापर कसा करावा?
• प्लीज रिमेन सीटेड – कृपया बसून राहा.
• ओन्ली टू डेज रिमेन – फक्त दोन दिवस उरले आहेत.

नेहमीची चूक
‘काम बाकी आहे’ यासाठी अनेकजण ‘वर्क इज रिमेन’ लिहितात. हे चुकीचे आहे. ‘सम वर्क रिमेन्स’ असे लिहा.

स्टे आणि रिमेन
हॉटेलात मुक्काम असेल तर ‘स्टे’ वापरतात, ‘रिमेन’ नाही. ‘गप्प राहा’ यासाठी दोन्ही चालतात. ‘रिमेन सायलेंट’ जास्त औपचारिक वाटते.

रिमेन्स
नाम म्हणून याचा अर्थ अवशेष. श्रद्धांजलीच्या पोस्टमधील ‘मॉर्टल रिमेन्स’ म्हणजे पार्थिव.

लीव्ह टू रिमेन म्हणजे काय?
ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतात ‘रिमेन’ म्हणजे युरोपीय संघात राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे बाहेर पडणे. ‘लीव्ह’ला सुमारे ५२ टक्के मते मिळाली. पण त्याच देशाच्या व्हिसाच्या कागदांवर ‘लीव्ह टू रिमेन’ दिसले तर घाबरू नका. तिथे ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. देश सोडा असे नव्हे, तर राहण्याची मुभा आहे असा त्याचा अर्थ. त्याआधी ‘इंडेफिनिट’ असेल तर मुदतीची अट नाही; मात्र ते नागरिकत्व नव्हे.