गोंडल : भूगोलाच्या पुस्तकात शिरलेले बेट

कल्पित बेटाचा किनारा कागदावर रेखाटणे फारसे अवघड नाही. ते बेट खरे वाटायला लावणे अवघड. त्यातही ते जग एकट्याचे नसून चौघांचे असेल, तर एकाने नदी वळवली की दुसऱ्याचे बंदर कोरडे पडते. म्हणूनच इंग्लंडमधील हॉवर्थ गावच्या ब्राँटी भावंडांचा प्रपंच आम्हांला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे.

१८२६ साली वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले आणि खेळ सुरू झाला. १८२७च्या डिसेंबरात चौघांनी एकेक बेट निवडले : शार्लटने वाइट, ब्रॅनवेलने मॅन, एमिलीने अरान आणि धाकट्या ॲनने गर्न्सी. ही सारी बेटे नकाशावरची, खरीखुरी. पुढे ‘ग्लास टाउन’चे राज्य त्यांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसवले. त्याचा आधार होता ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्ये १८२६ साली छापलेला आफ्रिकेचा नकाशा. ब्रॅनवेलने त्यावरून आपला नकाशा काढला, आणि अशांती लोकांच्या भूमीत लाकडी शिपायांची राज्ये उभी राहिली.

१८३१च्या सुमारास एमिली आणि ॲन यांतून फुटून निघाल्या. त्यांचे गोंडल उत्तर पॅसिफिक महासागरात होते. पण हवा मात्र हॉवर्थच्या माळरानाची : धुके, बर्फ, हेदरची झुडपे. आपल्या पायाखालची माती त्यांनी दूरच्या समुद्रात नेऊन ठेवली. आमच्या मते गोंडलच्या खरेपणाचे अर्धे श्रेय या मातीला आहे.

उरलेले अर्धे ॲनच्या एका खोडीला. घरात गोल्डस्मिथचे भूगोलाचे शालेय पुस्तक होते. त्याच्या शेवटी दिलेल्या स्थलनामांच्या सूचीत तिने आपली नावे वर्णानुक्रमाने, छापील नोंदींच्याच कोरड्या भाषेत लिहून टाकली. गोंडल हे उत्तर पॅसिफिकमधील मोठे बेट. रेजिना ही त्याची राजधानी. गाल्डाइन हे दक्षिण पॅसिफिकमध्ये नव्याने सापडलेले बेट. त्यातील उला हे चार राजांचे राज्य. झेडोरा हा व्हाइसरॉयच्या अमलाखालील प्रांत. वर्णनाचा फुलोरा कुठेही नाही! खऱ्या गावांच्या रांगेत कल्पित गाव मुकाट्याने उभे राहते, आणि वाचणारा शंका घ्यायला विसरतो.

पण ‘नव्याने सापडलेले’ म्हणजे कोणाला सापडलेले? तेथे आधी कोण राहत होते, हे ॲनची नोंद सांगत नाही. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भूगोलातून त्या विश्वसनीयता शिकल्या, तोच या भाषेत बोलत होता. आम्हां मराठी वाचकांना हे थोडे अधिक टोचते. शार्लटने आपल्या लाकडी शिपायाला ज्या वेलिंग्टनचे नाव दिले, तो २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्लीच. हॉवर्थच्या पोरांचा खेळण्यातला नायक आपल्या इतिहासातून पराभवाच्या बाजूने दिसतो.

तरीही त्या बेटाची ओढ कमी होत नाही. २४ नोव्हेंबर १८३४च्या टिपणात सोळा वर्षांची एमिली स्वयंपाकघरातल्या कामांबरोबरच, गोंडलवासी गाल्डाइनच्या अंतर्भागाचा शोध घेत आहेत, हेही नोंदवते. दोन्ही बातम्या एकाच पातळीवरच्या! १८४५ साली, पंचविशी उलटल्यावरही, यॉर्कच्या प्रवासात त्या दोघी बहिणी गोंडलमधली पात्रे वठवत होत्या.

त्याच वर्षी शार्लटच्या हाती एमिलीची कवितांची वही लागली. १८४६ साली तिघी बहिणींचा संग्रह टोपणनावांनी निघाला, तेव्हा कवितांतून गोंडलची नावे काढून टाकण्यात आली. गोंडलच्या गद्यकथाही पुढे नाहीशा झाल्या. भूगोलाच्या त्या पुस्तकात मात्र रेजिना आणि झेडोरा ॲनच्या हस्ताक्षरात अजून आपापल्या जागी आहेत.