हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही

दर १८ ऑगस्टला आपण लिहितो, 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला.' मीही तशी बातमी दिलीय. चुकलो.

१८६८च्या त्या ग्रहणात स्पेक्ट्रोस्कोप घेऊन जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर भारतात नव्हतेच. सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेघ त्यांनी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातूनच पाहिली. ती कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, तोच हेलियम. १८९५ मध्ये रॅम्झींना तो पृथ्वीवरही सापडला.

लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. सराफाकडचं सोनं तपासायचं मशीनही त्याच ओळखतं. सोनं तपासून घेतो, मग इतिहास का नाही? खरी तारीख लिहिली म्हणून साहेबाच्या कट्ट्याचा मान कमी होत नाही.