बेटावर उतरायचे कुठे, जेवायचे काय? सागरी दुर्गांच्या पाण्याचा आणि धान्याचा इतिहास

१/ देगलूरपासून समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही दिवाळीची सुटी जवळ आली की आपल्याकडच्या तरुणांचे बेत सिंधुदुर्ग, जंजिरा, घारापुरी या नावांभोवती फिरू लागतात. पहिला प्रश्न ठरलेला : बेटावर राहायचे कुठे आणि जेवायचे काय? हा प्रश्न पर्यटकाने निर्माण केलेला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाच्या उत्तरावर दुर्गांचे भवितव्य ठरत होते. आजचा थ्रेड त्या उत्तरांविषयी.

२/ बेट ही विलक्षण जागा आहे. सभोवती अथांग पाणी, पण त्यातला एक घोटही पिण्याजोगा नाही. खडकावर शेती बेताची. सरपणही पलीकडून आणावे लागते. त्यातच पावसाळ्यात समुद्र खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. म्हणजे बेटावर राहणाऱ्याने दोन-अडीच महिन्यांची बेगमी आधीच करून ठेवली पाहिजे. तट किती उंच, तोफा किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

३/ आता मालवणकडे वळू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ केला. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, जवळपास ३ किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, पायाच्या चिऱ्यांसाठी ओतलेले शिसे, ही वर्णने सर्वपरिचित आहेत. परंतु हे बेट दुर्गाला योग्य ठरले त्यामागे एक शांत कारणही होते. खाऱ्या समुद्राच्या मधोमध येथे गोडे पाणी लागते.

४/ दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. गडावरच्या या तीन विहिरींची नावे पाहा. ‘बाव’ म्हणजे विहीर. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना चहूकडे खारे पाणी असताना गोड पाण्याचा पहिला घोट काय असतो हे ठाऊक होते. दूध, दही, साखर : घरातील सणासुदीचे जिन्नस त्यांनी पाण्याला बहाल केले. कृतज्ञतेची इतकी साधी नोंद क्वचितच आढळते.

५/ समुद्रात गोडे पाणी कसे? यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते त्याच्यावर थरासारखे तरंगून राहते. विहीर त्या थरापर्यंतच खोदायची आणि उपसा बेताने करायचा. हाव धरून उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. बेटावर राहण्याचा पहिला नियम हाच : जितके मुरले, तितकेच उपसावे.

६/ हे शहाणपण पुढे लेखी स्वरूपातही आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, असे स्पष्ट सांगितले आहे. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी बांधावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून पाण्याचा राखीव साठा ठेवावा. आपत्ती येण्यापूर्वी तिचा हिशेब मांडणारी ही राजनीती आहे.

७/ पाण्यानंतर धान्य. मुरूडच्या समुद्रात सिद्दीचा जंजिरा उभा होता. ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थच बेट. त्याच्यावर वचक बसावा म्हणून महाराजांनी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, भर समुद्रात चाललेले बांधकाम. तिथल्या माणसांना दाणागोटा आणि पैसा वेळेवर पोहोचणे ही मुख्य भूमीवरील अंमलदारांची जबाबदारी होती.

८/ ती पार पडली नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. नेमून दिलेला ऐवज आणि गल्ला पोहोचला नाही, त्यामुळे आरमाराचा खोळंबा झाला, ही त्यातली तक्रार. सिद्दीने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले की काय, असा थेट संशय त्यात आहे. ब्राह्मण म्हणून कोणी भीडभाड ठेवील, या भ्रमात राहू नये, अशी ताकीदही आहे.

९/ या पत्राकडे बहुधा महाराजांच्या करारी स्वभावाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे, पण त्याचा गाभा दुसरा आहे. कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याची दिरंगाई म्हणजे बेटावरच्या माणसाची उपासमार, हे महाराजांनी ओळखले होते. रसद न पाठविणे हा कारकुनी दोष त्यांनी मानला नाही. तो त्यांनी शत्रूला साहाय्य करण्याच्या तोलाचा अपराध मानला.

१०/ मग जंजिरा का पडला नाही? अभेद्य तट हे अर्धे उत्तर. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव होते, आणि सिद्दीच्या पाठीशी मोगलांचे बळ होते. त्याच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाने मुक्काम करता येई. म्हणजे खवळलेल्या समुद्राच्या काळात राहायचे कुठे, हा प्रश्न त्याने सोडविला होता. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून जंजिऱ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला, यावरून त्या पाण्याचे मोल ध्यानी यावे.

११/ याच्या उलट बाजूचे उदाहरण खांदेरीचे. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याने मुंबईच्या तोंडावरचे हे बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. मराठ्यांची गलबते लहान आणि उथळ. नागावच्या खाडीतून रात्रीच्या अंधारात ती निसटत आणि बेटावर धान्य व सामान उतरवून परतत. १८ ऑक्टोबर १६७९ ला मोठी चकमक झाली, पण खांदेरीची चूल विझविणे इंग्रजांना जमले नाही. बेट मराठ्यांकडेच राहिले.

१२/ बेटावरच्या जेवणाचा आणखी एक प्रकार इतिहासात आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा राजा सातवा एडवर्ड, मुंबईस आला असता त्याच्यासाठी घारापुरीच्या लेण्यात मेजवानी देण्यात आली. शिवाच्या त्या विराट शिल्पांसमोर, दिव्यांच्या झगमगाटात, टेबले मांडून. खांदेरीत घास पोहोचविण्यासाठी माणसे जीव धोक्यात घालत होती. येथे सत्तेने देवस्थानाचेच भोजनगृह केले. बेटावर आपण कोणत्या भावनेने जेवतो, हेही इतिहास नोंदवून ठेवतो.

१३/ आता आपल्या सहलीकडे. देगलूरहून उदगीर, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करीत गगनबावड्याचा घाट उतरला की मालवण गाठता येते. सिंधुदुर्गावर पर्यटकांसाठी हॉटेल नाही. होडीने जायचे, साधारण तासाभरात गड पाहायचा आणि परतायचे. मुक्काम मालवणात घरगुती निवास-न्याहारीच्या खोल्यांत किंवा तारकर्लीला. तेथे पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. निसर्गाचा तो जुना नियम आजही लागू आहे.

१४/ ताटात काय? सुरमई किंवा बांगडा, भात, सोलकढी, कोंबडी-वडे. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला नारळ आणि कोकम नवे वाटतील. पण ध्यानात घ्या, कोकमे, सुकवलेली मासळी, तांदूळ हे सारे टिकणारे जिन्नस आहेत. या स्वयंपाकात चवीइतकीच पावसाळ्याच्या बेगमीची आठवण आहे.

१५/ घारापुरीला रात्रीच्या मुक्कामाची परवानगी पर्यटकांना नाही. शेवटच्या बोटीने गेटवेला परतावे लागते, आणि सोमवारी लेणी बंद असतात. तेथील गावांत समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही! जंजिऱ्यातली वस्ती विसाव्या शतकात उठून किनाऱ्यावर गेली. सिंधुदुर्गावर मात्र मोजकी कुटुंबे अजूनही राहतात. आपण तासाभरात परततो. त्यांना तिथेच पावसाळा काढायचा असतो.

१६/ हे सारे मराठवाड्याने का वाचावे? कारण पाण्यावाचून अडणे आपणही अनुभवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातूर हे जमिनीने वेढलेले बेटच होते आणि ती गाडी म्हणजे नागावच्या खाडीतून निघालेले गलबत. याच लातूरचे प्राचीन नाव राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात, ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे, अभिमानाने मिरवीत. त्याच राष्ट्रकूटांच्या कंधारला जगत्तुंग सागर हा तलाव आहे. साठविण्याची विद्या या मातीला नवी नव्हती. आपण ती विसरलो.

१७/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सिंधुदुर्ग आणि खांदेरी त्यांत आहेत. आता गर्दी वाढेल. तेव्हा गडावर जाताना पाण्याची बाटली सोबत न्या, रिकामी परत आणा. विहिरीत काही टाकू नका. त्या पाण्यावर आजही कुणाची चूल पेटते.

१८/ तटावर उभे राहून छायाचित्र अवश्य काढा. मग दोन पावले मागे येऊन साखरबावेच्या काठाशी थांबा. स्वराज्याचे आरमार ज्या बळावर उभे राहिले, त्यातला एक वाटा त्या शांत पाण्यात आहे.

१९/ तुमच्या गावात नाव असलेली जुनी बारव, आड किंवा तलाव आहे का? ते नाव आणि त्यामागची कथा खाली लिहा. पुढचा थ्रेड त्यांवर करू.