पंच्याण्णवावे प्रेत

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित आम्हांस वाचावयास आणून दिले. विषय नारायणराव पेशव्यांच्या वधाचा. स्थळ अर्थातच पुणे, आणि साल १७७३. नायक पेशव्यांच्या फडातील एक तरुण कारकून. तो कोतवालीतला नव्हे की न्यायाधीशाच्या हाताखालचा नव्हे. अक्षर ओळखण्याची हातोटी आणि स्वभावातील चिकाटी एवढ्याच भांडवलावर तो त्या खुनाचा छडा लावतो, आणि शेवटच्या प्रकरणात आनंदीबाईंच्या लेखणीनेच ‘ध’ चा ‘मा’ झाला असे पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवितो. भाषा सरळ, पात्रे जिवंत, रहस्य अखेरपर्यंत टिकविलेले. हस्तलिखित आम्ही एका बैठकीत वाचून काढले. पण वाचून झाल्यावर मनास स्वस्थता लाभेना. कारण शेवटच्या प्रकरणातला सारा पुरावा आमच्या विद्यार्थ्याने स्वतःच निर्माण केलेला होता, आणि ज्या बाईंवर तो लागू केला होता त्या मात्र खरोखर होऊन गेलेल्या होत्या.

ऐतिहासिक हत्याकथा हा वाङ्मयप्रकार आम्ही तुच्छ लेखीत नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. इतिहास शिकविणाऱ्यास तर तो विशेष जवळचा वाटावयास हवा. झालेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली नाही; साक्षीदार मृत तरी किंवा पक्षपाती; मागे उरलेल्या चार खुणांवरून घडलेला प्रकार जुळवावयाचा, हे काम शोधक करतो आणि इतिहासकारही तेच करतो. शिवाय या कथांतील शोधक हौशी असतो, यामागे लेखकाच्या लहरीपेक्षा काळाचे बंधन अधिक आहे. लंडनचे पोलीसदल उभे राहिले १८२९ साली, आणि त्यातली गुन्हेशोधनाची स्वतंत्र शाखा निघाली १८४२ साली. त्यापूर्वीच्या युगात पगार घेऊन खुनाचा तपास करणारा मनुष्य शोधू गेल्यास तो सहसा सापडावयाचा नाही. मग वैद्य, भिक्षू, लेखनिक, घरातली वृद्ध आजी अशा कोणाकडे तरी हे काम सोपवावे लागते. मात्र त्या मनुष्याचा व्यवसाय असा हवा की, चार घरांची दारे त्यास सहज उघडावीत, आणि इतरांस न दिसणारे काही तरी त्यास दिसावे.

एलिस पीटर्स या नावाने लिहिणाऱ्या एडिथ पार्जेटर या इंग्रज लेखिकेने हे मर्म उत्तम ओळखले. तिचा ब्रदर कॅडफेल हा बाराव्या शतकातल्या श्रूझबरी येथील बेनेडिक्टाइन मठातला भिक्षू. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, अनेक बंदरे पाहिलेला, आणि उतारवयात मठाच्या बागेत वनस्पती लावून औषधे करीत बसलेला. १९७७ ते १९९४ या काळात या भिक्षूवर तिने वीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एकीत बचनागाच्या जातीच्या विषारी वनस्पतीपासून केलेले तेल अन्नात मिसळून एका गृहस्थाचा जीव घेतला जातो. ते तेल दुखऱ्या सांध्यांस चोळण्यासाठी कॅडफेलनेच तयार केलेले असते. आर्सेनिक ओळखण्याची मार्शची रासायनिक परीक्षा १८३६ साली प्रसिद्ध झाली. वनस्पतिज विषे ओळखण्याची विद्या त्याहूनही पुढची. म्हणजे बाराव्या शतकात विष ओळखावयाचे ते वासावरून, डागावरून, मरणाऱ्याच्या ओठांवरून. लेखिका आपल्या शोधकास त्याच्या शतकाबाहेरचे ज्ञान उसने देत नाही, आणि म्हणूनच त्याच्या तर्काचे कौतुक वाटते.

काळाशी अशी प्रामाणिक राहणारी दुसरी लेखिका म्हणजे ॲगाथा ख्रिस्ती. तिने १९४४ साली प्राचीन मिसर देशात, ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमारास, घडणारी एक हत्याकथा लिहिली. तिचे मूळ आहे हेकानख्त नावाच्या एका कुटुंबप्रमुखाच्या पत्रांत. ती पत्रे १९२१-२२ च्या सुमारास थीब्झजवळच्या उत्खननात मिळाली. घरापासून दूर असलेला हा गृहस्थ धान्याचे वाटप कसे करावे ते लिहितो, आणि आपल्या नव्या बायकोस घरची मंडळी नीट वागवीत नाहीत म्हणून रागावतो. चार हजार वर्षांपूर्वीचा हा घरगुती कलह वाचून आपल्या एखाद्या एकत्र कुटुंबातले पत्र वाचल्यासारखे वाटते. ख्रिस्तीबाईंनी त्या पत्रांतली घरातली धुसफूस तेवढी उचलली. माणसे व मृत्यू स्वतःचे घातले. ते लोक काय खात, कोठे बसत, याविषयी प्राच्यविद्यापंडित स्टीफन ग्लॅनव्हिल यांस त्यांनी वारंवार प्रश्न विचारून भंडावून सोडले, असे त्यांनीच लिहून ठेविले आहे.

परंतु आमच्या मनातल्या प्रश्नास खरे उत्तर मिळाले ते पुन्हा कॅडफेलच्याच एका कथेत. ११३८ साली राजा स्टीफन याने श्रूझबरीचा किल्ला सर केला आणि आत सापडलेल्या शिबंदीस फाशी दिले. ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. कादंबरीत फाशी गेलेल्यांची संख्या ९४ आहे. त्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था कॅडफेलकडे येते. तो प्रेते मोजतो, तो ती ९५ भरतात. राजाच्या हुकुमाने मेलेल्यांच्या गर्दीत कोणीतरी आपला एक खून लपवून ठेविला आहे! आणि त्या एका अनामिक प्रेतास न्याय मिळाल्याशिवाय त्या भिक्षूस चैन पडत नाही. आमच्या मते या वाङ्मयप्रकाराची सारी नीती या आकड्यात आहे. चौऱ्याण्णव प्रेते इतिहासाची, पंच्याण्णवावे कादंबरीकाराचे. पंच्याण्णवाव्याचा मारेकरी कोण, हे ठरविण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. चौऱ्याण्णवांना कोणी मारले, हे मात्र त्याने बदलावयाचे नाही.

ही मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण जोसेफीन टे या लेखिकेच्या १९५१ सालच्या एका गाजलेल्या कादंबरीत आहे. पाय मोडून रुग्णालयात पडलेला एक पोलीस अधिकारी तिसऱ्या रिचर्ड राजाचे चित्र पाहतो, आणि या चेहऱ्याच्या मनुष्याने १४८३ साली आपल्या दोघा अल्पवयी पुतण्यांचा खून केला असेल काय, असा प्रश्न त्यास पडतो. अधिकारी पेशाने पोलीस खरा, पण चारशे वर्षांपूर्वीच्या या प्रकरणात तोही हौशीच. एका तरुण संशोधकाच्या मदतीने तो जुन्या ग्रंथांची झडती घेतो. रिचर्डला काळा रंगविणारा सर टॉमस मोर हा १४८५ साली, म्हणजे रिचर्ड रणांगणावर पडला तेव्हा, जेमतेम सात वर्षांचा होता; त्याची साक्ष प्रत्यक्षदर्शीची कशी मानावी? येथवर लेखिकेचे काम चोख आहे. ऐकीव गोष्ट पुस्तकात छापली गेली म्हणून ती पुरावा ठरत नाही, हा धडा तिच्याइतका मनोरंजक रीतीने इतिहासाच्या फारच थोड्या प्राध्यापकांनी शिकविला असेल. परंतु रिचर्डला सोडवून ती थांबत नाही. मोकळ्या झालेल्या पिंजऱ्यात ती सातव्या हेन्रीस नेऊन उभा करते, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा पाहू गेल्यास तो रिचर्डविरुद्धच्या पुराव्याहून बळकट नाही. पुढे २०१२ साली लेस्टर येथे रिचर्डची हाडे सापडली. त्याचा कणा वाकलेला होता, एवढे त्यांवरून कळले. मुलांचे काय झाले, याविषयी हाडे काहीच बोलली नाहीत.

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावांस गारद्यांनी शनिवारवाड्यात ठार केले. सुमेरसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार ही नावे ठाऊक आहेत. चापाजी टिळेकर हा सेवक धन्यास वाचविताना पडला, हेही ठाऊक आहे. गारद्यांच्या थकलेल्या पगाराची ओरड होती. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावांच्या पदरी घातला आणि स्वतः पुणे सोडले. येथपर्यंतची भूमी पक्की आहे. यापुढे येतो तो ‘धरावे’ चे ‘मारावे’ झालेला कागद. ग्रँट डफ याने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पण तो फेरफार केलेला मूळ कागद पुराव्यादाखल कोणत्याही ग्रंथात छापलेला आमच्या पाहण्यात नाही. मग तो फेरफार आनंदीबाईंच्या हातचा, हे ठरवावयाचे कशावरून? ज्या प्रकरणात पुतण्यास धरण्याचा हुकूम चुलत्याचा आणि तलवार गारद्यांची, त्यात लोकांच्या तोंडी नाव राहिले ते मात्र एका स्त्रीचे. एक अक्षर बदलण्याची गोष्ट बोलावयास सोपी, ऐकावयास चटकदार, आणि तिने पुरुषांचा भारही पुष्कळ हलका होतो!

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. तिसऱ्या प्रहरी वर्गात जांभया सुरू झाल्या म्हणजे ही ‘ध’-‘मा’ ची गोष्ट रंगवून सांगण्याची युक्ती आम्ही स्वतः कित्येक वर्षे वापरली. फळ्यावर अक्षर लिहावयाचे आणि बोटाने पुसून दुसरे करावयाचे, की मुले ताठ बसत. त्या ताठ बसलेल्या मुलांतच हा आमचा कादंबरीकार होता. त्याच्या शेवटच्या प्रकरणाचे बीज आम्हीच पेरलेले, हे ओळखून त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

तो पुन्हा भेटावयास आला तेव्हा हे सारे आम्ही त्यास सांगितले. तो हिरमुसला. “मग कादंबरी संपवू तरी कशी, सर?” असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, “तुमचा खून निराळा शोधा. पुण्यात त्यास काय तोटा?” रात्रीची तोफ झाल्यावर पेशव्यांच्या पुण्यात रस्त्यावर फिरण्याची मनाई असे, फिरताना सापडलेला मनुष्य सकाळपर्यंत चौकीत अडकून पडे. तोफेनंतर खून झाला असेल, तर मारेकरी त्या पेठेतलाच किंवा चौकीवरल्यांच्या ओळखीचा, हे अनुमान कारकुनासही काढता येईल. गावोगाव रामोशी चोराच्या पावलांचा माग काढीत. माग ज्या गावच्या शिवेत जाई त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाही तर नुकसान भरून द्यावे, अशी वहिवाट होती. पुरावा संपला की दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. निरपराध मनुष्यास उद्या तेलात हात घालावयाचा आहे, आणि कारकुनापाशी एकच रात्र आहे. यापेक्षा अधिक ताण कोणत्या कथेस हवा? पगाराच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या, मोडीतली शिकस्ता अक्षरे, हे तर त्याचे नित्याचेच शस्त्रागार. हा खून त्याने पुरता उलगडावा, कारण त्यातली माणसे त्याची आहेत.

“आणि वाड्यातला खून?” त्याने विचारले. आम्ही म्हटले की, कारकुनाने तो कागद अवश्य शोधावा. दप्तरे उपसावीत, अक्षरे ताडून पाहावीत, रात्रीमागून रात्री जागाव्यात. आणि अखेरीस तो सापडू नये. वाचकाची थोडी निराशा होईल, पण कारकून विश्वासू ठरेल.

परवा सुधारलेले हस्तलिखित पोहोचले. पंच्याण्णवावे प्रेत बुधवार पेठेतल्या एका सावकाराचे आहे, आणि त्याचा मारेकरी आम्हांस शेवटच्या दहा पृष्ठांपर्यंत ओळखता आला नाही. आनंदीबाई एकाच प्रकरणात येतात. कारकून त्यांस तो प्रश्न विचारावयाचे धाडस करतो. त्या त्याच्याकडे पाहतात, आणि काहीच न बोलता आत निघून जातात.

फळ्यावरचे ते अक्षर आम्ही आता लिहितो, आणि पुसत नाही. त्याखाली विद्यार्थ्यांस प्रश्न लिहून देतो: कागद कोठे आहे?