सुपारी कुणाला द्यायची?

मंडळी, चैत्र जवळ आला की आपल्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे कागदावर आता राजगड तालुका) जत्रा कमिट्यांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, छबिना, कुस्त्यांचे इनाम सगळं ठरतं आणि गाडी अडते ती तमाशा-लावणीवर. "ती नको, तिचा तो व्हिडिओ आला होता." "अहो पण तिने माफी मागितली की!" बदनाम झालेल्या कलावंताला पुन्हा उभं राहू द्यायचं का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. म्हणून थोडा इतिहास मांडतो.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आताचा सांगली जिल्हा. ब्राह्मणाच्या घरात जन्मून हा माणूस तमाशात गेला, स्वतःचा फड काढला आणि पवळा या महार समाजातल्या नर्तकीबरोबर राहिला. जातीने त्याला वाळीत टाकलं. त्याचा गुन्हा काय, तर जातीची रेघ ओलांडली. त्यात कुणाचं वाईट झालं होतं? कुणाचंच नाही.

पण याच बापूरावांना दुसरा एक नकार मिळाला, तो फार कमी लोकांना माहीत असतो. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायची तयारी दाखवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पैसे घेतले नाहीत. आमच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको, अशी त्यांची भूमिका होती.

माणूस एकच, नकार दोन. पहिल्या नकारात समाजाने स्वतःची अब्रू सांभाळली. दुसऱ्यात विचारलं गेलं की या धंद्यात झीज कुणाची होते आणि पैसा कुणाच्या हाती जातो. माझ्या मते आजही हाच दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे.

आपण मात्र बहुतेक वेळा पहिलाच विचारतो. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. फडांचं पोट बंद झालं. ओरड झाली तेव्हा दत्तो वामन पोतदारांची समिती नेमली गेली आणि अटी घालून तमाशा परत सुरू झाला. सुधारायला लावलं कुणाला? नाचणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना. बघणाऱ्यांना कुणी अट घातली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हाती काही उरलं नव्हतं.

आता अलीकडचं बघा. संजय दत्तला १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. कटाच्या आरोपातून तो सुटला. २०१३ ते २०१६ तो येरवड्यात होता. शिक्षा भोगून कामावर परतला, याबद्दल माझी तक्रार नाही. पण निकाल लागायच्या आधीच, २००३ मध्ये, आपण 'मुन्नाभाई'ला डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा कुठल्या गावाने बैठक घेतली?

आणि गौतमी पाटील? हावभाव अश्लील म्हणून तिच्यावर टीका झाली, तिने जाहीर माफी मागितली. २०२३ मध्ये कपडे बदलताना तिचं कुणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते पसरवलं. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, तेच बैठकीत संस्कृतीवर बोलतात. तिचा नाच आवडावा असं माझं म्हणणं नाही. पण हावभाव आवडले नाहीत ही एक गोष्ट, आणि कुणाच्या अंगाला हात लावला, कुणाला फसवलं, कुणाचं आयुष्य नासवलं ही वेगळी. दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

काम करून पोट भरायचा हक्क सगळ्यांना आहे, शिक्षा भोगून आलेल्यालाही. पण गावच्या जत्रेतला मान हा हक्क नव्हे, तो गावाने द्यायचा असतो. तो देताना दोन गोष्टी विचारा: चूक कुणाविरुद्ध होती? आणि ज्याचं नुकसान झालं त्याला न्याय मिळाला का? बाईवर, पोरीबाळीवर हात टाकलेला माणूस कितीही मोठा स्टार असो, भरपाई नाही, पस्तावा नाही, तर त्याला आपल्या वर्गणीतून एक रुपया देऊ नये. फडमालक असला तरी हाच नियम.

आणि हाच नियम खाली बसलेल्यांनाही लावा. नाचणारीची सुपारी रद्द करायला आपल्याला पाच मिनिटं लागतात. स्टेजवर चढून तिचा हात धरणाऱ्या गावच्या पोराला पुढच्या जत्रेत बंदी घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. यंदा कुठल्या कमिटीने असा ठराव केला तर खाली जरूर लिहा. नाव घेऊन कौतुक करू.