गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्सच्या अगदी वायव्य कोपऱ्यात, बर्कशायरच्या डोंगरांत, विल्यम्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती सुमारे साडेसात हजार. तरीही मराठी मुद्रणाचा आणि मुलींच्या शाळांचा इतिहास सांगू लागले म्हणजे या गावाचे नाव टाळता येत नाही.

गावाचे मूळ नाव वेस्ट हूसॅक. भूमी मोहिकन लोकांची; तीवर इंग्रज वसाहतवाल्यांनी आपले गाव वसविले. कर्नल एफ्रेम विल्यम्स हा १७५५ साली लेक जॉर्जच्या लढाईत पडला. मोफत शाळेसाठी त्याने मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. त्याची एक अट अशी, की गावाने त्याचे नाव धारण करावे. गावाने १७६५ साली नाव घेतले, शाळा मात्र उघडली १७९१ साली! ज्या पोरांसाठी पैसा ठेवला ती तोवर आजे होऊन बसली असतील. सार्वजनिक निधीची ही चाल आपल्यालाही अपरिचित नाही. १७९३ साली त्या शाळेचे विल्यम्स कॉलेज झाले. कॉलेजची पहिली इमारत, 'वेस्ट कॉलेज', अजून उभी आहे.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये या कॉलेजातील पाच विद्यार्थी जवळच्या कुरणात प्रार्थनेसाठी जमले होते. एकाएकी वादळी पाऊस आला; मुले गवताच्या गंजीच्या आडोशाला गेली. तेथे सॅम्युएल मिल्स याने आशियात धर्मोपदेशक पाठविण्याची गोष्ट काढली. हार्वे लूमिस यास ती पटली नाही. आधी तेथे सुधारणा पोहोचली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आज आपल्याला दोन्ही मतांतला अहंकार दिसतो. परंतु त्या बोलण्यातून जी चळवळ निघाली तिच्यातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था स्थापन झाली. पुढे १८५४ साली त्या पाचांपैकी बायरम ग्रीन याने जागा दाखविली आणि १८६७ साली तेथे संगमरवरी स्मारक उभे राहिले. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे.

मौज अशी की, त्या पाचांपैकी हिंदुस्थानात कामाला कोणीच आले नाही. जेम्स रिचर्ड्स सिलोनला गेला. मिल्स आफ्रिकेहून परतताना १८१८ साली समुद्रावरच वारला. मुंबईस आले ते गॉर्डन हॉल. ते याच कॉलेजातून १८०८ साली पदवीधर झाले, पण गंजीपाशी जमलेल्यांत नव्हते.

गावाच्या इतर वास्तूंविषयी थोडक्यात सांगतो. जुने प्रार्थनामंदिर १८६६ साली जळाले. त्याजागी विटांचे देऊळ झाले आणि १९१४ साली त्यालाच आजचे पांढरे लाकडी रूप दिले गेले. १८३८ साली पुरी झालेली हॉपकिन्स वेधशाळा मात्र पाहण्याजोगी आहे. त्या देशात आज उभ्या असलेल्या वेधशाळांत ती सर्वांत जुनी.

हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ही मंडळी नको होती आणि त्यांना परत धाडण्याचा घाट घातला होता. गव्हर्नर नेपियन यांच्या सौम्यपणामुळे ती टिकली. हेतू धर्मांतराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण त्या मिशनने मराठी शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी त्याच छापखान्यात काम शिकले. ज्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथांना घरोघर नेले, त्यांची ही उमेदवारी मिशनच्या खिळ्यांवर झाली! माझ्यासारख्या जुन्या मास्तराला या हिशेबात जमा आणि खर्च वेगळे काढणे अवघड जाते.

१८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे फिरतीवर गेले. तेथे पटकीची साथ होती. त्यांनी जवळची औषधे रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच आजारी पडले. एका खेड्यातील देवळाच्या आश्रयाला २० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे एकेचाळीस होते.